कंपनीच्या गेटवरून आलेला फोन

ती घटना आठवली की निवृत्तीनंतरही माझं डोकं तापतं. मी तेव्हा जळगावला औद्योगिक वसाहतीच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपत होती. तेवढ्यात पाइप बनवणाऱ्या एका कंपनीतून तिथल्या भरती बघणाऱ्या बाईंचा फोन आला.

"साहेब, आमच्या नावाची नेमणूकपत्रं घेऊन मुलंमुली गेटवर येताहेत. आम्ही कुणालाच पत्र पाठवलेलं नाही. आज एक मुलगी आली आहे, ती गेटवरून हलायलाच तयार नाही."

मी स्वतः गेलो. मुलगी सोनगीरची, बी.एस्सी. झालेली. नवे कपडे घालून रुजू व्हायला आली होती. शेजारी तिचे वडील पिशवी घेऊन उभे होते. पिशवीत तिचे महिनाभराचे कपडे होते. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "साहेब, बठ्ठा गावमा पेढा वाटी उनू मी. आते घर जाईसन काय सांगू?" साऱ्या गावात पेढे वाटून आला होता तो माणूस.

ठाण्यात आणून दोघांना चहा दिला. मुलीने मोबाइलवर ईमेल उघडून दाखवला. वर कंपनीचं चिन्ह होतं, खाली सहीशिक्का. पण पाठवणाऱ्याचा पत्ता कंपनीचा नव्हता. कुणीही फुकट उघडावा तसला होता. मुलाखत झाली होती फक्त चॅटवर. अटी अशा: नेमणुकीआधी अनामत भरायची, तीही त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत, आणि निवड गोपनीय असल्याने कुणाशी बोलायचं नाही. तिने अनामत भरली होती. आता प्रशिक्षण शुल्क मागत होते.

"हे सगळं पुसून टाकते," ती म्हणाली. "बघवत नाही."

"काही पुसू नकोस," मी म्हणालो. "हाच पुरावा आहे."

बँकेला आणि सायबर शाखेला कळवलं, फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. अनामत ज्या खात्यात गेली ते खातं भलत्याच माणसाच्या नावावर निघालं. तो माग तिथेच थांबला. मग मी मुलीला विचारलं, "त्यांच्याशी आणखी थोडं बोलशील का? आम्ही सोबत असू."

वडील नको म्हणत होते. तिने त्यांचं ऐकलं नाही. आमच्यासमोर बसून तिने उत्तर लिहिलं: ऑनलाइन व्यवहार होत नाही, रोख देते, कुठे आणू? बराच वेळ काही आलं नाही. मग निरोप आला, धुळ्याच्या बस स्टँडबाहेर या, आमचा प्रतिनिधी भेटेल.

धुळे पोलिसांना कळवून आम्ही साध्या कपड्यांत तिथे थांबलो. एक मोटारसायकल आली. तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसाने पाकीट घ्यायला हात पुढे केला. मुलीने पाकीट दिलं नाही. ती त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिली.

"सर, तुम्ही?"

धुळ्यात मुलाखतीची तयारी करून घेणारा क्लास चालवणारा माणूस होता तो. तिला मुलाखतीत कसं बसायचं, कसं बोलायचं, हे त्यानेच शिकवलं होतं. बायोडाटाही तिने त्याच्याकडेच दिला होता.

चौकशीत तो आधी उडवाउडवी करत राहिला. त्याच्या मोबाइलमध्ये तोच ईमेल सापडल्यावर मात्र निर्लज्जपणे म्हणाला, "साहेब, मी कुणावर जबरदस्ती केली नाही. शिकलेली पोरं आहेत, त्यांनी डोकं वापरायला नको?"

"मुलं कशी निवडायचास?"

"क्लासमध्ये घरची चौकशी करायचो. ज्यांना नोकरीची फार निकड असते, ते प्रश्न विचारत नाहीत."

मी खुर्चीवरून उठलो आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. आत थांबलो असतो तर हात उठला असता, आणि त्याचा फायदा त्याच्याच वकिलाला झाला असता. कोठडी मिळाली, त्याचा साथीदार सापडला, दोषारोपपत्र गेलं. मुलीच्या रकमेतला खात्यात गोठवलेला भाग कोर्टाच्या आदेशाने परत मिळाला. बाकीचा गेला तो गेलाच.

आता मला कुणी असा ईमेल दाखवला तर मी एकच सांगतो. नोकरी देणारा आधी पैसे मागत नाही. उत्तर देऊ नका, कंपनीचा नंबर स्वतः शोधून तिथे विचारा, आणि 'कुणाला सांगू नका' असं लिहिलेलं दिसलं की लगेच घरात चार माणसांना सांगा. पैसे गेले असतील तर त्याच दिवशी पोलिसांत या. लाजेपायी लोक उशीर करतात, आणि या हरामखोरांना तेवढा वेळ पुरतो.

अटकेनंतर मुलीचा पुरवणी जबाब घेतला. हवालदाराने तो वाचून दाखवला. "मी आमिषाला बळी पडून फसले" या वाक्यावर तिने त्याला थांबवलं.

"दादा, ते बदला."

"काय लिहू?"

"मला फसवलं, असं लिहा."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ती सांगते तसंच लिही."

तिने ते पुन्हा एकदा वाचलं आणि मग सही केली. त्यानंतर नोकरीत असेपर्यंत, समोर बसलेल्या कुठल्याही तक्रारदाराला 'तुम्ही फसलात कसे' असं मी विचारलं नाही, आणि माझ्या ठाण्यात कुणाला विचारू दिलं नाही.