दगडावरचा रफार

आमच्या दुकानात दगडावर, पितळेवर लेसरनं अक्षरं कोरून मिळतात. कॉम्प्युटरमधली ऑपरेटिंग सिस्टीम फुकटची, पण तिच्यावर मशीन चालवायचं सॉफ्टवेअर मी विकत घेतलंय. नवरा त्यावरनं अजून टोमणे मारतो, "फुकटाच्या बाजारात पैसे देणारी तू एकटीच की!" मी म्हणते, पैसे घेतलेल्या माणसाला हक्कानं चार शब्द सुनावता तरी येतात. त्या दिवशी तेही सुचेनात.

राधानगरीकडचे एक पावणं काळा दगड घेऊन आले होते. झिजून गुळगुळीत झालेला. त्यांची बायको जन्मभर त्यावर धुणं धुवायची. ती बालवाडीत शिकवायची, स्वतःला मूल नव्हतं. तिच्या वर्षश्राद्धाला बालवाडीच्या दारात हा दगड बसवायचा होता. वर तिचं नाव आणि खाली त्यांनी स्वतः जुळवलेली ओळ, 'दुसऱ्यांच्या लेकरांची आई'.

"ताई, दगड एकच हाय," ते म्हणाले. "चुकलं तर दुसरा कुठनं आणू?"

आदल्या दिवशी पुठ्ठ्यावर कोरून बघितलं होतं, झकास आलं होतं. सकाळी सॉफ्टवेअर आपोआप अपडेट झालं. पडद्यावर ओळ जशीच्या तशी होती, म्हणून मशीन सुरू केलं. लेसर वरून खाली बारीक रेघा मारत येतो. नाव उमटलं. मग दुसऱ्या ओळीचं आधी दिसतं ते शिरोरेषेच्या वरचं, म्हणजे मात्रा, वेलांट्या, अनुस्वार. 'दुसऱ्यांच्या'वर नुसता अनुस्वार यायला हवा होता. त्याच्या शेजारी एक आकडी उमटायला लागली.

रफार! आपला ऱ्या मोडून मेल्या सॉफ्टवेअरनं त्याचा रफार केला होता. 'दुसर्यांच्या'! आता हे वाचायचं तरी कसं? मराठी कुणी वापरतं याचा त्या कंपनीला पत्ताच नसावा. मी लाल बटण दाबेपर्यंत शिरोरेषेच्या वरचं सगळं उमटलं होतं.

"काय झालं?"

"काही नाही, बसा तुम्ही."

ते बसले नाहीत.

दगड केसभर हलला तरी पुढचं जुळणार नव्हतं. मी दुसऱ्या, फुकटच्या प्रोग्रॅममध्ये ती ओळ लिहिली. तिथं ऱ्या नीट आला. मग अक्षरांचं चित्र केलं आणि ते विकतच्या शहाण्याला दिलं, कारण चित्र त्याला मोडता येत नाही. शिरोरेषेपासून मशीन पुन्हा सुरू केलं आणि बघत राहिले. ऱ्या नीट उतरला. सगळी ओळ नीट उतरली.

पण वरची आकडी राहिलीच. लपवायचं मन होईना. त्यांना दाखवली, चूक सांगितली आणि म्हणाले, "काळा रंग भरून बुजवते."

त्यांनी वाकून बोट ठेवलं. बाकदार आकडी आणि तिच्या पोटात अनुस्वाराचं टिंब. आता माझा उद्धार होणार, असं वाटलं.

"कोर हाय की ही," ते म्हणाले. "कुंकवाची. रोज आरशात बघून काढायची, तरी तिरकीच व्हायची. ती गेली तवा तिच्या कपाळावर मी काढली, ती बी तिरकीच झाली. बुजवू नका."