मापावरची मूठ

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. बी.एस्सी., फिजिक्स. हे मी स्वतःहून कोणाला सांगत नाही. बैठकीत शिरणाऱ्याच्या थेट डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर पदवीदानाचा फोटो टांगला आहे, तो सांगतो. अमरावतीच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवतो आणि परीक्षेच्या दिवशी पोरांना एकच गोष्ट दहादा बजावतो : आधी प्रश्न वाचा, मग पेन उचला.

सासरे अकोल्याचे. तीन पिढ्या वकिली आणि मास्तरकी. लग्न आम्ही दोघांनी ठरवलं. त्यांची संमती मागाहून, थेंबाथेंबानं आली. वलगावला आमचं वावर पाहायला आले तेव्हा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून मामाजी म्हणाले होते, "कष्टाळू माणसं आहेत." सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. आणि त्यांच्या घरात कष्टाळू हा शब्द तिघांसाठी वापरतात : धुणंभांडीवाली बाई, बैल आणि व्याही. तो शब्द मी सात वर्षं जपून ठेवला आहे, ठेवणीतल्या कपड्यांत डांबरगोळी ठेवावी तसा.

परवाच्या हिवाळ्यात मामाजी आठ दिवस आमच्याकडे राहायला आले. रविवारी अकरा वाजता अकोल्याला जुन्या वकिलांचा सत्कार होता, त्यात त्यांचा नंबर पहिला. ते रेल्वेनं जाणार होते.

"रेल्वे कशाला, मामाजी? मी सोडतो ना गाडीनं," मी म्हणालो. "शनिवारी घरीच ऑइल बदलून घेतो, की झालं."

"घरीच? म्हणजे तुम्ही स्वतः?"

"त्यात काय एवढं?"

"नाही, आमच्याकडे कोणी पाना हातात धरल्याचं स्मरणात नाही, म्हणून विचारलं." हे त्यांनी अशा सुरात सांगितलं, जसं काही घराण्यानं तीन पिढ्या एखादं कडक व्रत पाळलं आहे.

तेव्हाच मी ठरवलं. एकाच माणसात शेतकऱ्याचा हात आणि पदवीधराचं डोकं कसं नांदतं, हे ह्यांना दाखवायचं. डोंगराएवढी गाडी नव्हती माझी; छोटी, जुनी घेतलेली. पण सात वर्षांच्या डांबरगोळीचा वास तिच्यातून काढायचा होता.

शनिवारी दुपारी गाडीची पुढची दोन चाकं फाटकासमोरच्या सिमेंटच्या उतारावर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले. नवीन ऑइलचा चार लिटरचा डबा, फिल्टर, सतरा नंबरचा पाना, खाली धरायला जुनं घमेलं. मोबाइलवर सात व्हिडिओ पाहून झाले होते. प्रत्येक व्हिडिओत एक पोरगेला माणूस "हॅलो दोस्तों" म्हणून सुरुवात करायचा आणि निम्मा वेळ टी-शर्ट दाखवायचा. मामाजी व्हरांड्यात खुर्ची टाकून पेपर घेऊन बसले. पेपरचं पान वीस मिनिटं उलटलं नाही, म्हणजे ते मलाच वाचत होते.

तेवढ्यात वलगावहून बाबा आले. एका हातात वांग्यांची थैली, दुसऱ्या हातात रिकामी कॅन.

"जळकं तेल फेकू नको बरं," ते म्हणाले. "बंडीच्या आखाले लागते. अन् चौकटीले उदई लागून राहिली, तिले मारतो."

उदई म्हणजे वाळवी. मी गाडीखालूनच त्यांना प्रदूषणावर एक पाठ दिला. जळकं ऑइल विषारी असतं, जमिनीत मुरतं, वगैरे. बाबांनी तो उभ्यानं ऐकला. मग उकिडवे बसून गाडीखाली डोकावले.

"किती तेल बसते हिच्यात?"

"डबा आणला ना चार लिटरचा."

"डब्याचं नाही इचारलं. गाडीचं इचारलं. पुस्तकात किती लिहून हाय?"

गाडीचं पुस्तक समोरच्या कप्प्यात होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, पहिल्या मालकानंही न उघडलेलं. माझे दोन्ही हात काळे झाले होते, आणि व्हरांड्यात पेपर जरा खाली आला होता.

"बाबा, हे तुमचं ट्रॅक्टर नोय," मी म्हणालो. "तुमाले नाही समजणार. तुमी वर बसा, चहा घ्या."

पेपरमागून मामाजी हसले. फार नाही, वकील साक्षीदारावर हसतो तेवढंच. बाबा व्हरांड्यात जाऊन बसले, चहा घेतला, थैली रिकामी करून घडी घातली आणि रिकामी कॅन रिकामीच घेऊन निघाले.

"बसनं जातो मंग," एवढंच म्हणाले.

मी जुनं ऑइल सोडलं, फिल्टर बदलला, बोल्ट कसला. सगळं व्हिडिओबरहुकूम. मग नवीन ऑइल ओतायला लागलो. तीन लिटरच्या आसपास गेलं तेव्हा पट्टी बुडवून पाहिली. तेल मोजायची ती पट्टी असते, तिला वरची आणि खालची अशा दोन खुणा. तेल खालच्या खुणेशीच होतं. डब्यात अजून लिटरभर खळखळत होतं.

इथे माझ्यातला शेतकरी जागा झाला. आमच्या घरी दाणे मोजताना पायली भरली की वर एक मूठ टाकतात. घेणाऱ्याला बरकत, देणाऱ्यालाही. जेवायला बसलेल्याला 'पुरे' म्हटल्यावर आणखी एक पोळी, तीही तुपाची. भरलेला डबा थोडक्यासाठी ठेवून देणं आमच्यात कद्रूपणाचं लक्षण. मी डबा उपडा केला. शेवटचे थेंबसुद्धा झटकले. गाडी काय आपली परकी आहे?

"झालं?" मामाजींनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो. "सोपं असतं."

उतारावर नाक वर करून उभ्या असलेल्या गाडीत पट्टी तेल कमीच दाखवणार, हे सातवीच्या पोराला कळतं. मी ते सातवीच्या पोरांना शिकवतो. काचपात्र सपाट जागी ठेवा, डोळा पातळीला आणा, मग वाचा. फळ्यावर चित्र काढून शिकवतो.

रविवारी साडेसातला निघालो. मामाजी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पुढे बसले. बायको म्हणाली, पोहोचल्यावर फोन करा. बडनेऱ्यापर्यंत मी नेहमीच्या विषयांवर बोलत होतो, म्हणजे सरकार, पाऊस आणि हल्लीचे विद्यार्थी. त्यानंतर काहीतरी करपल्याचा वास यायला लागला. मी काच वर केली. वास आतच होता. मूर्तिजापूरच्या अलीकडे एक ऑटोवाला शेजारी आला आणि ओरडला,

"ओ सर! गाडी जाळून राहिले का कापूस?"

आरशात पाहिलं तर मागे निळसर धुराचा पडदा. त्या पडद्यातून ट्रक हॉर्न देत बाहेर येत होते, नाटकातल्या राक्षसासारखे. एका पंक्चरच्या दुकानापुढे गाडी थांबवली. दुकान बंद. बाकडं मात्र होतं. मामाजी त्याच्यावर रुमाल अंथरून बसले आणि घड्याळ पाहिलं. पावणेनऊ.

"ह्याची उपपत्ती काय असावी?" त्यांनी विचारलं.

सातही व्हिडिओंत ह्याची उपपत्ती नव्हती. गॅरेजवाल्यानं फोन उचलला नाही, रविवार. दोन बस गेल्या. मामाजींना बसमध्ये बसवून द्यावं, असं मनात आलं, पण मग अकोल्यात सगळ्यांना कळणार होतं, की जावयाची गाडी कुठे आणि कशानं बसली. शेवटी ज्या माणसाला काल 'तुमाले नाही समजणार' म्हणालो होतो, त्याला फोन लावला.

"धूर कोन्या रंगाचा हाय?" बाबांनी पहिलं तेच विचारलं. काय झालं, कसं झालं, काही नाही.

"निळसर."

"सपाट जागी हाय का गाडी? मंग पट्टी काढून पाय."

पट्टी पुसली, बुडवली, काढली. तेल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर होतं. मी सांगितलं. पलीकडे कोंबडी हाकलून बाबा म्हणाले,

"जास्त झालं बाप्पा तेल. लिटरभर काढा लागते. पयले गाडी थंड होऊ दे, हात भाजून घेशील."

अर्धा तास थांबून मी माझ्या चांगल्या शर्टात गाडीखाली सरकलो. पाना डिक्कीत होता, अभिमानानं सोबत घेतलेला. पाण्याची बाटली वरून कापली. पण फोन धरायला हात नव्हता. मामाजी उठले, बाकड्यावरचा रुमाल खिशात घातला आणि फोन कानाला लावून गाडीशेजारी उकिडवे बसले. आयुष्यात पहिल्यांदाच बसले असावेत, कारण गुडघे वाजले.

"व्याही म्हणतात, बोल्ट पूर्ण काढू नका, ढिला करा फक्त."

मी ढिला केला. तेल मनगटावरून कोपरात गेलं.

"म्हणतात, धार पातळ ठेवा. पोरीच्या वेणीएवढी." मग ते फोनवर म्हणाले, "नाही, वेणी म्हणजे किती जाड? अच्छा. लहान पोरीची." मग मला, "लहान पोरीची म्हणतात."

बाटली भरली. बोल्ट कसला. मामाजी फोनवर ऐकत होते आणि 'हं, हं' करत होते. त्या दोघांचं सात वर्षांत 'पाऊस कसा काय' ह्यापलीकडे बोलणं गेलं नव्हतं. मी बाहेर आलो तेव्हा मामाजींनी फोन बंद केला आणि न्यायालयात साक्ष वाचून दाखवावी तशा आवाजात म्हणाले,

"व्याही सुरुवातीलाच म्हणाले, की 'बोल्टाचं मी सांगतलं असं पोराले सांगू नका, तुमालेच सुचलं म्हना. त्याले राग येते.'"

मी कापडानं हात पुसत राहिलो. हात पुसले जात नव्हते.

"कष्टाळू माणूस आहे," मामाजी म्हणाले. ह्या वेळी तो शब्द त्यांनी थोडा अडखळत वापरला. कदाचित दुसरा शोधत होते, मिळाला नाही. "मी त्यांना मुद्दाम सांगितलं, की हे मला सुचणं शक्य नाही."

गाडी सुरू केली. थोडा वेळ धूर आला, मग विरळ झाला. अकोल्याला सव्वाअकराला पोहोचलो. सत्कार सुरू व्हायला अजून वेळच होता. वकिलांचा सत्कार, पहिल्या पुकाऱ्याला थोडाच उभा राहणार. मामाजींच्या बाहीवर काळा डाग होता. तो कसला, असं कोणी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "व्याह्यांकडून शिकत होतो." मी नारळाच्या पाण्यात तोंड घातलं.

मामाजी अकोल्यालाच राहिले. परत येताना मी घरी न थांबता सरळ वलगावला गेलो. कापलेली बाटली पिशवीत बांधून आणली होती, आणि कालचं जळकं ऑइल शनिवारीच रिकाम्या डब्यात भरून डिक्कीत टाकलं होतं. बाबा ओट्यावर होते. त्यांनी डबा घेतला, आखाला लावायला बाजूला ठेवला. बाटलीतलं तेल बोटावर घेऊन उजेडात पाहिलं.

"हे तं नवंच हाय. चारी लिटर काहून टाकलं?"

"वर मूठ," मी म्हणालो. "तुमीच टाकता ना."

"दाण्यावर टाकतो." ते हसले नाहीत. "विहिरीवरचं इंजन व्हतं तवा मिस्त्रीले इचारून पऱ्हाटीच्या काडीवर खाच पाडली व्हती मी. तेवढंच तेल, जास्त नाही. मले वाचता येत नाही म्हनून इचारा लागे. तुले तं येते."

'चुकलं' हा शब्द तोंडापर्यंत आला आणि पदवीला अडून राहिला. मी गाडीकडे गेलो, कप्प्यातून पुस्तक काढलं, पिशवी फाडली आणि ओट्यावर त्यांच्या शेजारी बसलो.

"वाच," बाबा म्हणाले.

पुस्तक इंग्रजीत होतं. मी मराठीत सांगत गेलो. "इंजिन ऑइल, फिल्टर धरून, तीन लिटर. गाडी सपाट जागी उभी करून मोजावे."

"हं. अजून."

मी टायरमधली हवा वाचली, बॅटरीचं पाणी वाचलं, ब्रेकचं तेल किती वर्षांनी बदलावं ते वाचलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते आणि मधूनच बोटांवर एकेक आकडा धरून ठेवत होते. आईनं चहा आणून ठेवला, तो गार झाला. खिडकीची काच वरखाली कशी करावी, ह्या पानाशी आलो तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"हे सोड. हे मले माईत हाय."

मी ते पान सोडलं आणि पुढचं उलटलं.