मानाची खुर्ची

माझे दोन्ही पाय लहानपणीच्या तापात गेले. त्याचं मला फारसं काही वाटत नसे. राग यायचा तो लोकांच्या चांगुलपणाचा. शिव्या देणाऱ्याशी भांडता येतं हो, चांगुलपणाशी कसं भांडणार?

महाराष्ट्र नवा होता आणि नांदुऱ्याजवळच्या आमच्या गावात वीज यायची होती. म्हणून शाळेचं गॅदरिंग भर दुपारी व्हायचं, शाळेच्या ओट्यावर. त्या साली धाकट्या भावाला नाटकात आईचं काम मिळालं. तेव्हा बाईचं काम पोरंच करायची. महिनाभर मी बाजेवर बसून त्याची तालीम घेतली. शेवटी मुलगा घर सोडून जातो आणि आई दारात नुसती उभी राहते. भाऊ तिथं हमखास गळा काढायचा.

"गायीवानी हंबरू नको बे," मी म्हणायचो. "डोळ्यानं रड."

त्याला जमेना आणि मी त्याला सोडीना. "जमलं तं गॅदरिंगलेच जमन," तो चिडून म्हणाला. मला ते डोळे पाहायचे होते, बाकी नाटक गेलं चुलीत.

त्या दिवशी बाबांनी मला बैलगाडीतून शाळेत नेलं. मी म्हटलं, "मले खाली सतरंजीवर बसवा, पोरायच्या पुढं."

तेवढ्यात हेडमास्तर धावत आले. "अहो, जमिनीवर? शोभतं का ते?" चौघांनी मला खुर्चीत घालून उचललं आणि थेट ओट्यावर नेलं. तिथं भिंतीला लागून पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या. आमच्याकडे पाहुण्याचा मान म्हणजे ओट्यावरची जागा. भाषणं तिथूनच व्हायची आणि नाटक त्यांच्या पुढ्यात. सरपंचांच्या शेजारी मला ठेवलं, गळ्यात झेंडूचा हार घातला. गाव कौतुकानं बघत होता. बाबांचे डोळे भरून आले. आता तोंड कसं उघडायचं?

नाटक सुरू झालं आणि माझ्यासमोर नुसत्या पाठी आल्या. सरपंचांनाही पाठीच दिसत होत्या, पण ते दिसायला आले होते, बघायला नव्हे. कंटाळा आला की उठून तंबाखू थुंकून यायचे. मला उतरायचं तर सरपटत, आणि सरपटलो असतो तर लोकांनी नाटक सोडून मलाच पाहिलं असतं. हाराखाली मान खाजत होती. चरफडत बसून राहिलो.

शेवटचा प्रसंग आला. मुलगा निघून गेला. लुगड्यातला भाऊ लोकांकडे तोंड करून दारात उभा राहिला. मला दिसत होता पदर आणि खोटा अंबाडा.

मग तो वळला. अख्ख्या गावाकडे पाठ करून माझ्याकडे तोंड केलं त्यानं. हूं की चूं नाही. डोळे हळूहळू भरले आणि काजळ घेऊन एक थेंब गालावर आला. जमलं होतं पोराला. मीही सगळ्यांदेखत रडलो.

खाली गलका उठला. "अबे, इकडं तोंड कर ना!" "काऊन पाठ दाखवून राह्यला हा?"

घरी येताना गाडीत त्यानं विचारलं, "दिसलं का, दादा?"

"हाव," मी म्हटलं.

पुढच्या साली त्याला काम दिलं नाही. लोकांना पाठ दाखवणारं पोरगं नाटकात नको, असं ठरलं होतं. तो खाली सतरंजीवर पोरांत बसला. मला मात्र चौघांनी उचललं, हार घातला आणि त्याच खुर्चीत नेऊन बसवलं.