इंदो तांदीचा तळहात

इंदो तांदी लशींच्या फ्रिजचं झाकण उघडण्याआधी त्यावर तळहात ठेवायची आणि आकडा सांगायची. "पाच." मग मी आत थर्मामीटर बघायचो, तर पाचच. या डोंगरातल्या आरोग्य केंद्रात मी बावीस वर्षं हे बघत आलो, पण ती चुकलेली पाहिली नाही. दोन अंशांच्या खाली लस गोठून बाद होते, आठच्या वर हळूहळू मरते, आणि मधल्या सहा अंशांत या बाईचं अख्खं आयुष्य गेलं. तिचं खरं नाव दामारिस. पण आमच्याकडे थोरल्या मुलाच्या नावानं आईबापांना हाक मारतात, म्हणून ती इंदो तांदी, तांदीची आई, आणि नवरा आंबे तांदी.

त्यामुळे जिल्ह्यावरून बिनतारी तापमापकांची पेटी आली तेव्हा ती फुगून बसली. काडेपेटीएवढे तीन सेन्सर, भिंतीवर लावायची एक डबी, आणि दर दहा मिनिटांनी माझ्या फोनवर आकडा. बसवायचं काम अर्थात माझ्या गळ्यात पडलं. सेन्सर फ्रिजच्या भिंतीला टेकू द्यायचा नाही, कुप्यांच्या अगदी मधोमध ठेवायचा, एवढं सांभाळलं की त्यात फारशी अक्कल लागत नाही. दोन फ्रिज होते, दोन सेन्सर लागले.

"हा तिसरा कुणाचा?" तिनं विचारलं.

"जादा आहे. एखादा बिघडला तर असावा."

"बावीस वर्षांत माझा हात नाही बिघडला," ती म्हणाली आणि तो एप्रनच्या खिशात टाकून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी फोनवरच्या आलेखात तिसरी रेघ उमटली. अठरा अंश. केंद्राच्या भिंतीपलीकडेच तिचं घर, आणि सेन्सर तिनं नवऱ्याच्या छातीवर ठेवला होता.

आंबे तांदी चौदा महिने आजारी होते. आम्हा तोराजा लोकांत श्वास थांबला तरी अंत्यविधीची पहिली म्हैस बळी पडेपर्यंत माणूस आजारीच असतो. तोवर 'गेला' म्हणायचं नाही, सकाळी कॉफी द्यायची, जेवणाचं ताट ठेवायचं, बाहेर पडताना सांगून निघायचं. मलाही यात कधी काही वावगं वाटलं नाही. फॉर्मालिनची इंजेक्शनं मीच दिली होती, त्यामुळे त्यांच्या प्रकृतीबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

"आजाऱ्याचा ताप बघतात ना?" ती मला म्हणाली. "मग बघत जा." मी हसलो आणि ती रेघ तशीच राहू दिली.

बुधवार आमचा लसीकरणाचा. आंबे तांदी हिंडतेफिरते होते तेव्हा दर बुधवारी अकराच्या सुमारास यायचे आणि रडकी पोरं छातीशी धरून बसायचे. आयांना सुई बघवायची नाही, यांना बघवायची. त्यांच्या छातीशी लागलं की पोर गप्प व्हायचं.

तिसऱ्याच बुधवारी, इंदो तांदी माझ्यासमोर एका बाळाचं वजन करत असताना, माझा फोन वाजू लागला. तिसरी रेघ सत्तावीसवर होती. दहा मिनिटांनी एकतीस. ऊन आलं असेल, मांजर बसलं असेल, असं म्हणत मी मागच्या घरी गेलो. त्यांना निजवलेल्या दक्षिणेच्या खोलीची खिडकी बंद होती. मांजर नव्हतं. मी त्यांच्या छातीवर हात ठेवला, तर ती फरशीसारखी गार. फोन मात्र म्हणत होता, पस्तीस.

सेन्सर उचलून मी फ्रिजमध्ये ठेवला. तिथे त्यानं मुकाट पाच दाखवले. परत छातीवर ठेवला तर मंगळवारपर्यंत अठरा, आणि बुधवारी अकराला पुन्हा पस्तीस. मी घाबरलो. सरळ सांगतो, त्या खोलीत मी नंतर एकटा गेलो नाही.

इंदो तांदीला काहीच नवल वाटलं नाही. "पोरं रडतात ना इथे. त्याला ऐकू जातं," ती म्हणाली.

मग पापुआतल्या खाणीतून तांदी आला, मोजून दहा दिवसांची रजा घेऊन. पाहुण्यांसाठी बांबूचे मांडव उभे राहिले, म्हशी आल्या, आणि दिवस ठरला बुधवार.

"बुधवार सोडून कधीही करा," इंदो तांदी म्हणाली. "बुधवारी तो गरम असतो. गरम माणसासाठी मी म्हैस पाडू देणार नाही."

"आई, दोनशे माणसं बोलावलीत. शुक्रवारी माझं विमान आहे."

"मग मला अकरा वाजता आकडा सांगा. अठरा असला तर मी त्याच्याजवळून उठते. नसला तर म्हशी परत पाठवा."

तांदी मला अंगणात घेऊन गेला. "मातियुसकाका, हे यंत्र तुम्ही आणलंत, आता तुम्हीच निस्तरा. माझ्या वडिलांनी आणखी किती आजारी राहायचं?" त्याचे डोळे भरले होते.

त्या बुधवारी केंद्राला कुलूप होतं. रडायला पोरंच नाहीत, म्हटल्यावर मला जरा धीर आला. अकराला मी फोन बघितला. छत्तीस पूर्णांक चार.

"किती रे, मातियुस?"

तांदी दारातून माझ्याकडे बघत होता.

"अठरा," मी म्हणालो. बावीस वर्षांत तिच्याशी पहिल्यांदा खोटं बोललो.

तिनं फोन मागितला नाही. फ्रिजच्या झाकणावर ठेवायची तसा तळहात तिनं नवऱ्याच्या छातीवर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. आता ही आकडा सांगणार, आणि खरा सांगणार, म्हणून मी फोन पालथा धरला.

"अठरा," ती म्हणाली. "जा, सांग त्यांना."

तिला उठवायला मी हात पुढे केला. तिचा तळहात ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा तापला होता. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. थोड्या वेळानं बाहेर म्हैस पडली, आणि पुढच्याच नोंदीला रेघ खाली येऊन अठरावर थांबली. ती परत कधीच हलली नाही.

इंदो तांदी त्यानंतर दोन वर्षांनी निवृत्त झाली. त्या दोन वर्षांत तिनं फ्रिजवर एकदाही हात ठेवला नाही. मी एकदा चिडवायला म्हणालो, "सांग की आकडा, बघू जमतंय का अजून."

"फोनवर बघ," ती म्हणाली. "मी एकदा चुकीचा सांगितलाय."