मायच्या छातीतलं बिऱ्हाड

क्षयाच्या जंतूतलं एक प्रथिन कसं दिसतं, हे मी संगणकावर तपासते. जंतूला चटका बसला किंवा त्याची हवा कोंडली की तो हे प्रथिन भराभर बनवतो. आमच्या नातेवाइकांना याचं काडीचं कौतुक नाही.

यंदा उन्हाळ्यात गावी, सिरसाळ्याला गेले ती मायसाठी. तिच्या संधिवाताचं जालीम औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांनी तपासणी केली, तर क्षयाचा जंतू तिच्या अंगात झोपलेला निघाला. खोकला नाही, ताप नाही. पण नवं औषध प्रतिकारशक्ती मारतं. मग तो जागा झाला असता. आधी गोळ्यांनी त्याला संपवायचं होतं, आणि माय गोळ्यांना हात लावत नव्हती.

भर दुपारी, पानही हलत नव्हतं, तेव्हा मी तिला लॅपटॉपवर ते प्रथिन दाखवलं. जोडीजोडीने जुळलेले बारा तुकडे, मध्ये पोकळी. गोळा सावकाश फिरत होता. उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होत नाही, तशी उष्णतेने प्रथिनं गोठतात, मी सांगितलं. हे मात्र उसवायला लागलेल्या प्रथिनांना धरून ठेवतं, त्यांचा गोळा होऊ देत नाही. जंतू वर्षानुवर्षं निजून राहतो, त्यातही याचा हात असावा असा आमचा कयास. बोलता बोलता मला पहिल्यांदाच त्याची भीती वाटली. हे सगळं समोर बसलेल्या बाईच्या आत चाललं होतं.

"खातं काय ते?" मायने विचारलं.

"लई काही न्हाई. वाट बघत बसतं."

"आन् आलं कुठून?"

मी वैतागले होते, म्हणून फटकन बोलून गेले. "आण्णांकडून, दुसरं कुठून? ऊसतोडीला गेल्यावर पाचटाच्या कोपीत त्यांच्याच शेजारी निजायचीस ना?"

आण्णा, माझे वडील, क्षयानेच गेले. मी तेव्हा शाळेत होते.

मायने छातीवर हात ठेवला आणि नव्या नवरीसारखी लाजून हसली.

"म्हंजे त्यांचं जितं कायतरी हाय माझ्यात," ती म्हणाली. "आन् तू ते माराया आलीस."

"माय, ते तुलाच खाईल गं!"

तिने ऐकलंच नाही. मग एकदम तिचं हसू गेलं.

"त्या कोपीत आमच्या मधी कोण निजायचं?"

"मी."

"तुला तपासलंय का?"

मी कधीच तपासून घेतलं नव्हतं. मायने गोळ्यांचं पाकीट फाडलं आणि गोळी माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटली.

"तू घे," ती म्हणाली. "माझं राहू दे."