विहिरीजवळचा वाफा

मातीतला ओलावा उष्णतेने मोजायचं उपकरण आमच्या शेती संशोधन केंद्रात नुकतंच आलं होतं. खडूएवढी पांढरी, सच्छिद्र कांडी. आत बारीक तार आणि तापमान मोजायची सोय. कांडी मुळांशी पुरायची आणि बॅटरी जोडून तार थोडा वेळ तापवायची. माती ओली असेल तर ती ऊब ओढून घेते आणि कांडी फारशी तापत नाही. माती सुकत जाते तसा आकडा रोज चढत जातो. आलेखावर त्याची चढती रेष नीट निघाली की माझी हंगामी नोकरी पक्की होणार होती.

केंद्राच्या साहेबांची अट होती, जमीन नातेवाइकाची नको. नातेवाईक मन राखायला जातात. मी मान डोलावली आणि कुणकेश्वरजवळ माझ्या विधवा मामीकडे गेलो. परक्याच्या दारात जायची मला भीड वाटत होती. भात कापल्यावर मामी त्याच कुणग्यात, भाताच्या छोट्या शेतात, मिरची लावायची आणि बाजारात विकायची. मी विहिरीजवळचा, सगळ्यात भरलेला वाफा मागितला.

"मी सांगीपर्यंत हेका पानी घालू नको गो मामी."

"सुकवतलंस रे?"

"माझी नोकरी पक्की होतली."

"मगे घे," ती म्हणाली.

आकडा रोज चढत गेला. मग साहेब बघायला आले, आणि त्याच सकाळी आकडा एकदम खाली आला.

"इथे कोणी पाणी दिलंय का?" साहेबांनी विचारलं.

मामी बांधावर उभी होती. ती माझी कोण हे कळलं तर सगळं संपेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी शुद्ध मराठीत म्हणालो, "बाई, तुम्ही पाणी घातलंत का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पदर सावरला.

"होय साहेब. चूक माझी. ह्या साहेबांनी नको सांगितल्यानी होता."

'ह्या साहेबांनी' म्हणजे मी. अंगणात मी तिच्या मांडीवर वाढलो होतो.

साहेब हसून म्हणाले, "यंत्र बरोबर आहे म्हणायचं. पुन्हा सुरुवात करा."

ते गेल्यावर मी चुलीपाशी जाऊन उभा राहिलो.

"तुझो सायब येवचो होतो," पेज ढवळत ती म्हणाली. "सुकलेली झाडां काय दाखवतलंस तेका? म्हणान घातलंय. बस, जेवन जा."

पाहुणा यायच्या आधी अंगणात सडा घालावा, तसं तिने वाफ्याला पाणी घातलं होतं. मी जेवलो. माफी मागितली नाही. ताटात माशाचा मोठा तुकडा मलाच होता, तोही खाल्ला.

त्यानंतर तिने वाफ्याला थेंबभर पाणी दाखवलं नाही. आधी पानं गळाली, मग कोवळ्या मिरच्या देठासकट काळ्या पडल्या. शेजारच्या वाफ्यांना घागर नेताना ती या वाफ्याला वळसा घालून जायची. माझी रेष सुरेख चढली. साहेबांनी ती भिंतीवर लावली आणि मी पक्का झालो.

पेढे घेऊन गेलो तेव्हा ती वाळलेली झाडं उपटत होती. "आता पानी घालू मां रे?" तिने विचारलं.