चॅम्पियन होते म्हणे

मोठेबाबांचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचा, सत्कार ठरला आणि दोन शब्द बोलायचं काम माझ्यावर आलं. घरातल्या गोष्टी मीच सांगते, त्याही मीठमसाला लावून. खोट्याची मला तशी भीती नाही. पण ते खोटं माझं असतं. हे त्यांचं निघालं तर?

नागपूरला शिकताना वॉटर पोलोचे, म्हणजे पाण्यात पोहत खेळायच्या चेंडूच्या खेळाचे, चॅम्पियन झालो असं सांगणाऱ्या या माणसाला मी कधी पाण्यात पाहिलं नव्हतं. नाचणगावच्या मळ्यातली विहीर तुडुंब, आणि हे काठावर बादलीनं अंघोळ करणार. पुरावा एकच, जुना फोटो. पाण्याबाहेर सात डोकी, सातही डोक्यांवर हनुवटीखाली बंद बांधलेल्या टोप्या, बाळाच्या कुंचीसारख्या. हा फोटो सामन्याचा की बारशाचा, हा माझा जुना संशय. त्याहून जुना सांगायला लाज वाटते: पोलो म्हटल्यावर कॉलेजात जाईपर्यंत मी त्या फोटोत घोडे शोधत होते.

शनिवारी सिंदी मेघेहून भाषण घेऊन मळ्यात गेले. बाजारासाठी काढलेल्या कोबीच्या ढिगाजवळ मोठेबाबा चहा पीत बसले होते. त्यांनी कागद वाचला. बोट एका जागी थांबलं.

"'चॅम्पियन होते म्हणे.' हे म्हणे काऊन लिहिलं?"

"बोलायची पद्धत असते, मोठेबाबा."

"मंग तू मास्तरीन हायस म्हणे, असं म्हणू का?"

मोठीआई कोबीची पानं काढत म्हणाली, "संशय घेऊन राह्यली ते. मी लग्नापासून घेतला, आता तिची पाळी."

मोठेबाबांनी कागद परत दिला. "राहू दे. माह्यासंगचे सारे गेले. आता सांगनार कोन?"

मला वाईट वाटलं, पण संशय काही हलला नाही. पोलिसासारखं विचारलं, "चेंडू कसा पकडायचे?"

"एका हातानं. दोन लावले का फाउल."

आणि मला आठवलं. गाडीवरून फेकलेला कोबी ते आयुष्यभर एकाच हातानं झेलत आले. "दुसरा हात देवानं काऊन देला?" हा मोठीआईचा कायमचा टोमणा.

तरीही मी एक गड्डा उचलला आणि न सांगता फेकला. त्यांच्या उजव्या हातात कप होता. डावा हात वर गेला, जरासा मागे आला, कोबी बोटांवर बसला. चहा हलला नाही. तोच गड्डा परत माझ्याकडे आला. मी दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळला.

"फाउल," मोठेबाबा म्हणाले आणि घोट घेतला.

कोबी मांडीवर ठेवून, त्यावर भाषणाचा कागद पसरून मी पर्समध्ये पेन शोधू लागले.